वरणाचे पाणी नको, वरण द्यावे: बाळाचा वरचा आहार घरी तयार करताना

माझ्या मोठ्या मुलाला सहा महिने पूर्ण झाले तेव्हा घरातील सर्वांच्या संमतीने त्याला वरणाचे पाणी सुरू झाले. कुकर उघडला की डाळीवर साचलेले पिवळसर पाणी मी अलगद वाटीत काढून घेत असे, त्यात तुपाचा एक थेंब सोडत असे, आणि बाळ ते आवडीने पीतही असे. महिनाअखेरीस वजन केले तेव्हा ते जेमतेम शंभर ग्रॅमने वाढलेले होते. बाळाच्या डॉक्टरांनी मी काय भरवते ते शांतपणे ऐकून घेतले, टेबलावरचा चमचा उचलून तिरका धरला आणि म्हणाल्या, ‘‘चमचा असा धरल्यावर जे ओघळून जाते ते पोटातही टिकत नाही. डाळ तुम्ही खाता आणि पाणी बाळाला देता, ते उलट करा.’’ धाकट्या मुलीच्या वेळी मी हे वाक्य धरून स्वयंपाक केला. पहिल्यांदाच आई-वडील झालेल्यांना आणि नातवंडांना भरवणाऱ्या आजी-आजोबांना उपयोग व्हावा म्हणून त्या स्वयंपाकाची पद्धत येथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात नेमकी कधी करावी

आपल्या बोलण्यात ‘सहावा महिना लागला’ आणि ‘सहा महिने पूर्ण झाले’ या दोन गोष्टींची सहज गल्लत होते. सहावा महिना लागतो तेव्हा बाळाचे पाच महिनेच पूर्ण झालेले असतात. वरचे अन्न सुरू करायचे ते सहा महिने, म्हणजे सुमारे १८० दिवस, पूर्ण झाल्यावर. तोपर्यंत आईच्या दुधात बाळाला लागणारे पाणीसुद्धा पुरेसे असते, त्यामुळे उन्हाळ्यातही वेगळे पाणी, गुटी, ग्राइप वॉटर किंवा फळांचा रस यांची गरज नसते. सहा महिन्यांनंतर मात्र केवळ दुधावर भागत नाही. जन्मतः बाळाच्या शरीरात असलेला लोहाचा साठा याच सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फारच थोडे असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी देशात सुमारे ६७ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे ६९ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त आढळली होती. म्हणून उशीर करणे हे घाई करण्याइतकेच चुकीचे आहे.

तारखेबरोबर बाळाकडेही पाहावे. मान स्थिर राहते का, आधार दिल्यावर बाळ बसते का, तुम्ही घास घेताना ते तुमच्या हाताकडे टक लावून पाहते का, आणि तोंडात चमचा ठेवल्यावर जिभेने तो लगेच बाहेर ढकलत नाही ना, हे पाहिले म्हणजे अंदाज येतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत वेळ डॉक्टरांनीच ठरवावी.

उष्टावणाच्या मुहूर्ताबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. अनेक घरांत मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करतात, त्यामुळे मुलीचा विधी पाचव्या महिन्यातच उरकण्याकडे कल असतो. तो सातव्या महिन्यात केल्यास परंपराही पाळली जाते आणि मुलीला घाईने अन्नही दिले जात नाही. शिवाय मामाने अंगठीने खीर चाटवण्याचा दिवस आणि रोजचे भरवणे सुरू करण्याचा दिवस एकच असला पाहिजे असे नाही. अंगठीवर मध मात्र लावू नये. मधात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतील बाळाला बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो आणि घरगुती उकळीने ते बीजाणू मरत नाहीत. वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटही चाटवू नये.

भांडी, पाणी आणि हात

यासाठी वेगळी यंत्रे विकत घ्यावी लागत नाहीत. स्टीलची एक लहान वाटी, उथळ आणि गुळगुळीत कडांचा छोटा चमचा, जाड बुडाचे छोटे पातेले, स्टीलची बारीक गाळणी आणि असल्यास पुरणयंत्र एवढे सामान पुरते. शिजलेली डाळ, भोपळा किंवा सफरचंद पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढले की सालीचे आणि रेषांचे तुकडे वर राहतात आणि खाली मऊ लगदा मिळतो. मिक्सर वापरायचा असेल तर त्याचे लहान भांडे बाळासाठी वेगळे ठेवावे. आमच्या घरी एकदा नेहमीच्या भांड्यात गाजर वाटले गेले. भांडे घासलेले होते, पण पात्याखालच्या रबरी रिंगेत लाल तिखटाचा अंश राहून गेला होता आणि पहिल्याच चमच्याला मुलगी कळवळून रडली. त्यानंतर आठवडाभर तिने गाजराला तोंड लावले नाही.

भरवणाऱ्याने आणि रांधणाऱ्याने साबणाने हात धुवावेत, बाळाचेही हात धुवावेत, कारण ते वाटीत जाणारच असतात. पाणी उकळून गार केलेले वापरावे. जेवणानंतर वाटीने किंवा छोट्या पेल्याने दोन-तीन घोट पाणी द्यायला आता हरकत नसते. दुधाच्या बाटलीत पेज भरून पाजू नये, आणि जुन्या घरांत अजून सापडणाऱ्या बोंडल्याने आडव्या बाळाच्या घशात अन्न ओतण्याची पद्धत तर पूर्णपणे सोडावी. रडणाऱ्या बाळाच्या तोंडात ओतलेले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शिवाय तोंड उघडणे, घास ओठांनी ओढून घेणे आणि जिभेने मागे नेणे हे बाळाला शिकायचे असते, ते बोंडल्याने शिकता येत नाही.

घट्टपणाचा हिशेब

बाळाच्या पोटात एका वेळी साधारणपणे दर किलो वजनामागे ३० ग्रॅम अन्न मावते, म्हणजे साडेसात किलोच्या बाळाच्या पोटात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. एवढी जागा जर पाण्याने भरली तर बाळाला तृप्त वाटते, पण शरीराला काहीच मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आईचे दूध चालू असलेल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला सुमारे ३०० आणि वर्षानंतर सुमारे ५५० किलोकॅलरी मिळायला हव्यात. हा आकडा स्वयंपाकघरात आणून पाहावा. सपाट भरलेले दोन मोठे चमचे खिमटाचे, म्हणजे भाजून दळलेल्या तांदूळ-डाळीचे, पीठ साधारण २० ग्रॅम, त्यातून सुमारे ७० किलोकॅलरी मिळतात, आणि एक लहान चमचा साजूक तूप सुमारे ४५ किलोकॅलरी देते. असे दोन वेळा खाल्ले की दिवसाची गरज भागते. वरणाच्या किंवा भाताच्या पाण्याने ती भागण्यासाठी बाळाला न पेलणाऱ्या वाट्या पाजाव्या लागतील.

म्हणून शिजवलेले अन्न योग्य आहे की नाही हे पाहण्याची एकच कसोटी ठेवावी. चमचा भरून तिरका करावा. अन्न क्षणभर चमच्याला धरून राहिले आणि मग सावकाश, एका गोळ्याने खाली आले तर ते बरोबर झाले. धारेने वाहिले तर पातळ आहे, आणि चमचा उलटा केला तरी पडत नसेल तर त्यात आईचे दूध किंवा उकळलेले पाणी घालून ते सैल करावे. पहिले चार-पाच दिवस, बाळ गिळायला शिकत असताना, थोडे अधिक सैल चालेल, परंतु त्यापुढे घट्टपणा वाढवत न्यावा.

पहिला आठवडा: गुरगुट्या भात

माझ्या मते सुरुवातीसाठी मुगाची डाळ घातलेल्या गुरगुट्या भातासारखा पदार्थ नाही. जुना आंबेमोहोर किंवा घरात असेल तो तांदूळ दोन मोठे चमचे आणि सालीशिवायची मुगाची डाळ एक मोठा चमचा घ्यावी. तीन-चार पाण्यांतून धुऊन अर्धा तास भिजवावी. दीड कप पाणी आणि चिमूटभर जिरेपूड घालून कुकरमध्ये मंद आचेवर पाच-सहा शिट्ट्या होऊ द्याव्यात आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. भाताचे शीत दोन बोटांत धरून दाबल्यावर कणी न लागता त्याचे पीठ झाले पाहिजे. मग गरम असतानाच चमच्याच्या पाठीने घोटून गाळणीतून दाबून काढावे. गाळणीच्या खालच्या बाजूला चिकटलेला भाग खरवडून घेणे विसरू नये, कारण सर्वांत मऊ भाग तोच असतो. वरून अर्धा लहान चमचा साजूक तूप घालावे. मीठ घालू नये.

पहिल्या दिवशी दोन-तीन लहान चमच्यांपेक्षा अधिकाची अपेक्षा ठेवू नये. बाळ खूप भुकेले नसावे आणि नुकतेच पोटभर दूध प्यायलेलेही नसावे. सकाळी दहा-अकराची वेळ चांगली, कारण एखादा पदार्थ सोसला नाही तर दिवसा लक्षात येते आणि डॉक्टरांकडे जाता येते. बाळाला मांडीवर किंवा खुर्चीत सरळ बसवावे, चमचा खालच्या ओठाला टेकवावा आणि ते तोंड उघडेपर्यंत थांबावे. निम्मे अन्न हनुवटीवर येईल, तोंड वाकडे होईल, कदाचित अंग शहारेल. ही नावड नसते, नव्या चवीची ओळख असते. एखादा पदार्थ बाळाने स्वीकारण्याआधी तो आठ-दहा वेळाही पुढे करावा लागतो, म्हणून पहिल्या नकारावर ‘याला भोपळा आवडत नाही’ असा शिक्का मारू नये.

आईचे दूध याच काळात पूर्वीसारखेच मागणीप्रमाणे चालू ठेवावे. वरचे अन्न दुधाला पूरक असते, त्याची जागा घेणारे नव्हे.

नाचणीचे सत्त्व, मोड आणून

नाचणीबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण या एका पदार्थात आपल्या आज्यांचे ज्ञान आणि रसायनशास्त्र हातात हात घालून उभे आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे इतर कोणत्याही नेहमीच्या धान्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि त्यातील मोठा भाग दाण्याच्या सालीत असतो. भिजवलेली नाचणी वाटून, फडक्यातून दूध गाळून, खाली बसलेला साका वाळवण्याची जुनी पद्धत पचायला हलके सत्त्व देते, पण चोथ्याबरोबर सालीतील बरेच कॅल्शियम टाकून दिले जाते. म्हणून मी मोड आणलेल्या अख्ख्या नाचणीचे पीठ पसंत करते.

अर्धा किलो नाचणी निवडून, पाणी स्वच्छ येईपर्यंत सात-आठ वेळा धुवावी. नाचणीत बारीक खडे आणि माती बरीच असते, त्यामुळे शेवटच्या पाण्यात ती हाताने वर उचलून काढावी आणि तळाशी बसलेला गाळ टाकून द्यावा. रात्रभर भिजवावी, सकाळी निथळून ओल्या सुती फडक्यात बांधून ठेवावी आणि फडके वाळू लागले की पाणी शिंपडावे. हवामानाप्रमाणे २४ ते ३६ तासांत पांढरे, तांदळाच्या कणीएवढे मोड दिसू लागतात. त्याहून लांब वाढू देऊ नयेत. आंबूस किंवा कुबट वास आला, दाणे चिकट लागले, तर हळहळ न करता सगळी नाचणी टाकून द्यावी. पावसाळ्यात हे हमखास घडते, म्हणून सत्त्वाचे काम कोरड्या दिवसांत करून ठेवावे. मोड आलेली नाचणी स्वच्छ कापडावर पंख्याखाली किंवा वरून मलमल झाकून उन्हात दोन दिवस कडकडीत वाळवावी, तळहातांमध्ये चोळून मोड पाखडून काढावेत, अगदी मंद आचेवर जेमतेम खमंग वास सुटेपर्यंत गरम करावी आणि गार झाल्यावर दळून बारीक चाळणीने चाळावी. रंग गडद होईपर्यंत भाजू नये.

न भाजण्याचे कारण असे आहे की मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचे विकर (एन्झाइम) तयार होते. पीठ पाण्यात हळूहळू तापत असताना हे विकर पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते आणि लापशी पातळ होते, पण तिच्यातील पीठ तेवढेच राहते. साध्या पिठाचा एक चमचा घालून जेवढी घट्ट लापशी होईल तेवढीच घट्ट करायला मोडाचे पीठ अधिक घालता येते. म्हणजे त्याच वाटीत बाळाला जास्त अन्न मिळते, आणि गिळायलाही त्रास होत नाही. जोरात भाजले की हे विकर निकामी होते. खिमट फार घट्ट झाले तर तेही याच युक्तीने सैल करता येते: गॅसवरून उतरवून ते थोडे निवू द्यावे, त्यात पाव चमचा मोडाचे पीठ ढवळावे, पाच मिनिटांत ते सैल झालेले दिसेल. त्यानंतर पुन्हा एक चांगली उकळी आणावी, कारण कच्च्या पिठात जंतू असू शकतात.

लापशी करताना एक मोठा चमचा पीठ आधी गार पाण्यात कालवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. एकूण पाऊण कप पाणी घेऊन मंद आचेवर सतत ढवळत सात-आठ मिनिटे शिजवावे. कच्चा वास जाऊन पृष्ठभागावर तकाकी आली की उतरवावे, तूप घालावे. गोडीसाठी गूळ किंवा साखर घालण्याऐवजी कुसकरलेले केळे किंवा शिजवलेल्या खारकेचा लगदा थोडा मिसळावा. पीठ कोरड्या बरणीत महिनाभर टिकते.

खिमट

एक वाटी तांदूळ, पाऊण वाटीपेक्षा थोडी कमी मुगाची डाळ, अर्धा चमचा जिरे आणि चिमूटभर ओवा. तांदूळ आणि डाळ वेगवेगळे धुऊन फडक्यावर सावलीत वाळवावे आणि वेगवेगळेच भाजावे, कारण डाळ आधी लाल होते. मग एकत्र करून मिक्सरवर सुरुवातीला बारीक आणि आठव्या महिन्यानंतर रवाळ दळावे. दोन मोठे चमचे पीठ पाऊण कपाहून किंचित अधिक गार पाण्यात कालवून दहा मिनिटे शिजवले की एक वाटी खिमट होते. धान्यात जी अमिनो आम्ले कमी असतात ती डाळीत भरपूर असतात आणि डाळीत जी कमी पडतात ती धान्यात असतात, त्यामुळे या जोडीतून मिळणारी प्रथिने एकट्या तांदळाच्या पेजेपेक्षा कितीतरी चांगली असतात.

भाज्या, फळे आणि लोह

पहिले दोन आठवडे झाले की दोन-तीन दिवसांआड एक नवा पदार्थ आणावा. लाल भोपळा, गाजर, रताळे आणि दुधी हे वाफवून गाळणीतून काढले की पुरते. पाण्यात उकळून पाणी फेकू नये. केळे पिकलेले, सालीवर तपकिरी ठिपके आलेले घ्यावे आणि काट्याने कुसकरावे. चिकू आणि पपई यांचा गर चालतो, सफरचंद मात्र वाफवूनच द्यावे. फळांचे रस देऊ नयेत, गरच द्यावा.

लोहाकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे. पालकाची दोन-चार पाने वरणात शिजवावीत, मसूर आणि मटकी आलटून पालटून वापरावी आणि शिजल्यानंतर लिंबाचे चार थेंब पिळावेत. वनस्पतींतील लोह क जीवनसत्त्वाच्या सोबतीने अधिक शोषले जाते. सामिष आहार घेणाऱ्या घरांचे काम सोपे आहे. चांगला शिजलेला चिकनचा खिमा, काटे दोन वेळा तपासून काढलेला पापलेटाचा गर, पूर्ण उकडलेल्या अंड्याचा बलक आणि पांढरा भाग हे सर्व सहा महिन्यांनंतर देता येते. ‘दात आले की मग’ असे थांबण्याचे कारण नाही. चहात बुडवलेले बिस्किट हा अनेक घरांतला पहिला खाऊ असतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण चहा लोह शोषू देत नाही आणि बिस्किटात साखर आणि मैद्याखेरीज फारसे काही नसते. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचे सिरप दिले जाते. त्यात २० मिलिग्रॅम लोह असते. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात त्याची चौकशी करावी आणि घरी आणखी कोणते टॉनिक चालू असल्यास ते डॉक्टरांना सांगावे.

शेंगदाण्याबद्दलचे मत गेल्या काही वर्षांत बदलले आहे. पूर्वी ॲलर्जीच्या भीतीने तो उशिरा देत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका अभ्यासात मात्र ॲलर्जीचा धोका असलेल्या ज्या बाळांना वर्षाच्या आतच शेंगदाणा मिळू लागला त्यांच्यात पुढे त्याची ॲलर्जी फार कमी आढळली. तेव्हा भाजून अगदी बारीक केलेले दाण्याचे कूट लापशीत पाव चमचा मिसळून सुरुवात करावी. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी आढळली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. खवट किंवा बुरशीचा डाग पडलेले दाणे बाळासाठीच काय, कोणासाठीच वापरू नयेत. अंगावर पित्तासारखे चट्टे, ओठ सुजणे, लागोपाठ उलट्या किंवा घरघर दिसल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.

काय घालू नये

वर्षाच्या आत वरून मीठ लागत नाही आणि दोन वर्षांपर्यंत साखर आणि गूळ टाळलेले उत्तम. ‘अळणी कसे खाईल’ असे सासूबाईंना वाटणे स्वाभाविक आहे. पण बाळाला मिठाची चव अजून माहीतच नसते, त्यामुळे अळणी ही कल्पना आपली असते, त्याची नव्हे. जिरे, हिंग, हळद, कोथिंबीर, किंचित लसूण यांनी चव आणावी. गाईचे किंवा म्हशीचे दूध लापशीत थोडे घालता येते, दही देता येते, पण वर्ष पूर्ण होण्याआधी आईच्या दुधाऐवजी पेलाभर वरचे दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये.

घास अडकणे

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे, डाळिंबाचे दाणे, लाह्या, कच्च्या गाजराचे आणि सफरचंदाचे तुकडे ही घशात अडकणारी मंडळी आहेत. ती बाळाच्या हाताला लागणार नाहीत असे पाहावे. घास घेताना बाळाला उबळ येणे वेगळे: तेव्हा ते खोकते, तोंड लाल होते, आवाज येतो, आणि ते स्वतःच घास पुढे आणते. अशा वेळी फक्त जवळ थांबावे. आवाज बंद झाला, रडता येत नसेल, ओठ निळसर होऊ लागले तर मात्र घास अडकलेला आहे. बाळाला आपल्या हातावर पालथे, डोके छातीपेक्षा खाली, घ्यावे आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळव्याच्या मागच्या भागाने पाच जोरदार थापा माराव्यात. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबावे, आणि अन्न निघेपर्यंत हेच आळीपाळीने करावे. दुसऱ्याला १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायला सांगावे. घास दिसत नसताना घशात बोट घालू नये, त्याने तो आणखी आत जातो. हे कृतीने शिकवणारा वर्ग जवळ कोठे भरत असेल तर घरातल्या प्रत्येक भरवणाऱ्याने तो करावा.

साठवण

शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तासाभरातच संपवावे. जास्तीचे झाले तर भरवण्याआधीच स्वच्छ डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावे, चोवीस तासांत वापरावे आणि फक्त एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करावे. बाळाचा उष्टा चमचा ज्या वाटीत गेला त्या वाटीतले उरलेले अन्न टाकून द्यावे. नोकरीवर जाणाऱ्या आईने वाफवलेल्या भोपळ्याचा किंवा मसुराचा लगदा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून डब्यात भरून ठेवला तर सकाळी दोन चौकोन खिमटात टाकता येतात. रोज भाजी शिजवण्याची वेळ नसते तेव्हा भाजी वगळण्यापेक्षा हे फार बरे.

महिन्यामागून महिना

सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, दोन-तीन चमच्यांपासून हळूहळू २५० मिलिलिटरच्या अर्ध्या वाटीपर्यंत जावे. नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एखादा खाऊ असा क्रम ठेवावा. आठव्या महिन्यानंतर गाळणी बाजूला ठेवावी. ही गोष्ट अनेकजण करत नाहीत, आणि मग दीड वर्षाचे मूल कणी लागली की ओकते अशी तक्रार घेऊन येतात. आधी चमच्याने रगडलेले, मग काट्याने कुसकरलेले, मग बारीक तुकड्यांचे अन्न द्यावे. बिनदातांच्या हिरड्याही मऊ तुकडे चांगले चावतात. वाफवलेल्या गाजराची बोटाएवढी फोड, इडलीचा तुकडा, मऊ घावन, वरणात भिजवून कुसकरलेली पोळी हे बाळाच्या हातात द्यावे. फोड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत सहज दबली की ती पुरेशी मऊ समजावी.

जेवताना मोबाइल लावू नये. बाळ तोंड फिरवते, ओठ मिटते, चमचा ढकलते, तेव्हा जेवण संपले असे समजावे. ‘एक घास चिऊचा’ म्हणत गंमत करावी, पण नाक दाबून किंवा हात धरून घास कोंबू नये. किती खायचे ते बाळ ठरवते, काय आणि केव्हा वाढायचे ते आपण ठरवतो. ताप किंवा जुलाब असताना अन्न बंद न करता थोडे थोडे, अधिक वेळा द्यावे, दूध वाढवावे, आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे. दर महिन्याला अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करून ते तक्त्यावर मांडून घ्यावे. रेषा सलग दोन महिने आडवी गेली तर घरगुती तर्क न करता डॉक्टरांना भेटावे.

दहाव्या महिन्याच्या सुमारास मी वेगळे रांधणे जवळजवळ थांबवले. घरच्या आमटीत तिखट, मीठ आणि चिंच पडण्याआधी एक वाटी डाळ बाजूला काढायची, भाजी फोडणीनंतर पण मसाल्याआधी दोन चमचे काढून घ्यायची, भात थोडा अधिक मऊ लावायचा, एवढ्यावर मुलीचे जेवण होऊ लागले. तिची छोटी ताटली आमच्या पानांशेजारी मांडली जात असे, आणि त्यात वरण-भात कालवताना पाणी किती घालायचे हे ठरवण्यासाठी मी अजूनही चमचा तिरका करून पाहत असे.